वाचकांचे प्रश्न : सबनेटची आखणी आणि पत्त्यांचे नियोजन

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचे मुख्य कार्यालय सांगलीत विश्रामबागला असून मिरज, तासगाव, विटा आणि जत येथे शाखा आहेत. प्रत्येक शाखेत इंटरनेट जोडणीबरोबर आलेला राउटर आहे आणि सगळीकडे त्याचा पत्ता १९२.१६८.१.१ हाच आहे. मुख्य कार्यालयातील सर्व्हरवर शाखांना काम करता यावे म्हणून आम्ही व्हीपीएन (इंटरनेटवरून कार्यालये खासगीरीत्या जोडण्याची सोय) घेतले. दोन्ही टोकांना जोडणी सुरू असल्याचे दिसते, परंतु शाखेतून सर्व्हर सापडत नाही. म्हणून मी १९२.१६८.५०.० हे /२४, म्हणजे २५६ पत्त्यांचे, नेटवर्क घेऊन त्याचे शाखावार तुकडे करायला बसलो. मुख्य कार्यालयात ९० उपकरणे आहेत, मिरजेत ४०, तासगाव आणि विटा येथे प्रत्येकी २५ आणि जतला १२. हिशेब केल्यावर जतसाठी जागाच उरली नाही. यावर मार्ग सुचवावा.
— पतसंस्थेचा संगणक विभाग पाहणारे एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळ्या अडचणी आहेत. आधी व्हीपीएनची पाहू, कारण तिच्यातूनच सबनेट, म्हणजे मोठ्या नेटवर्काचे लहान तुकडे, ही व्यवस्था कशी चालते ते स्पष्ट होते.

तासगावच्या एखाद्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.२५ आहे आणि सांगलीच्या सर्व्हरचा १९२.१६८.१.१० आहे असे धरू. संगणकाला सर्व्हरकडे काही पाठवायचे असते तेव्हा तो सर्वांत आधी एकच गोष्ट तपासतो : समोरचा पत्ता माझ्याच नेटवर्कातला आहे की बाहेरचा? हे ठरवण्यासाठी त्याच्याजवळ सबनेट मास्क असतो. २५५.२५५.२५५.० या मास्कचा अर्थ असा की पत्त्याच्या ३२ बिटांपैकी (बिट म्हणजे ० किंवा १ हा अंक) पहिले २४ बिट नेटवर्कचे आणि उरलेले ८ त्या नेटवर्कातील उपकरणाचे. यालाच थोडक्यात /२४ असे लिहितात. दोन्ही पत्त्यांना हा मास्क लावला की उत्तर एकच येते, १९२.१६८.१.०. त्यामुळे सर्व्हर आपल्या शेजारीच आहे असे तासगावच्या संगणकाला वाटते आणि राउटरकडे न जाता तो शाखेतल्या शाखेतच एआरपीची (पत्त्यावरून यंत्र शोधण्याच्या पद्धतीची) हाक देतो की १९२.१६८.१.१० कोणाचा पत्ता आहे. सर्व्हर सांगलीत असल्यामुळे त्या हाकेला उत्तर येत नाही. आणि त्या पत्त्याचा एखादा प्रिंटर तासगावातच असला तर तोच उत्तर देतो. दोन्ही वेळा माहिती राउटरपर्यंत पोहोचतच नाही, मग व्हीपीएनमध्ये ती शिरणार कोठून? जोडणी निर्दोष असूनही काम होत नाही याचे कारण हे आहे.

पत्त्याचे नेटवर्क आणि उपकरण असे दोन भाग आपल्या परिचयाच्या एसटीडी कोडासारखे आहेत. सांगलीच्या कोडात शून्याखेरीज २३३ हे तीन आकडे आहेत आणि त्यापुढे सात आकडी क्रमांक येतो; तासगावचा कोड २३४६ असा चार आकडी आहे, म्हणून तेथे स्थानिक क्रमांकाला सहाच आकडे उरतात. एकूण आकडे दहाच राहतात, आणि कोड जितका लांब तितके त्याच्या पोटात मावणारे क्रमांक कमी. आयपी पत्त्यात एकूण ३२ बिट आहेत. नेटवर्कचा भाग एका बिटाने वाढवला की नेटवर्के दुप्पट होतात आणि प्रत्येकातील पत्ते निम्मे होतात. /२४ मध्ये २५६ पत्ते, /२५ मध्ये १२८, /२६ मध्ये ६४, /२७ मध्ये ३२ आणि /२८ मध्ये १६. सबनेटचा सगळा हिशेब या निम्मे करण्यातच आहे.

आता आपली दुसरी अडचण. आपले गणित अचूक आहे. ९० उपकरणांना १२८ चा तुकडा लागतो, ४० ना ६४ चा आणि २५ च्या दोन शाखांना ३२ चे दोन. बेरीज २५६ होते आणि /२४ तेथेच संपते. एकूण उपकरणे १९२ असताना २५६ पत्ते का पुरू नयेत, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. पण तुकडा दोनाच्या घातांकाएवढाच करता येतो, त्यामुळे प्रत्येक शाखेत काही पत्ते मोकळे राहणारच, आणि ते दुसऱ्या शाखेला देता येत नाहीत.

तरीही माझे सांगणे असे की हा खटाटोप आपण करूच नये. एका /२४ मध्ये सर्व काही कोंबण्याची उदाहरणे अभ्यासक्रमात असतात, कारण विद्यार्थ्याला गणित यावे हा तेथे हेतू असतो. सार्वजनिक पत्ते तुटपुंजे असल्यामुळे इंटरनेट सेवादात्यांनाही अशी काटकसर करावी लागते. आपल्या संस्थेच्या अंतर्गत नेटवर्कला मात्र तिची गरज नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाने खासगी वापरासाठी तीन पट्टे राखून ठेवले आहेत : १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. पैकी पहिल्या पट्ट्यात १,६७,७७,२१६ पत्ते आहेत. ते कोणालाही, कोणाच्या परवानगीशिवाय आणि विनामूल्य वापरता येतात. जत शाखेत आज १२ उपकरणे आहेत म्हणून तिला १४ जागांचा तुकडा (१६ पत्त्यांतून नेटवर्क आणि ब्रॉडकास्ट यांचे दोन राखीव पत्ते वजा जाता) दिला आणि पुढल्या वर्षी तेथे सहा कॅमेरे बसले, तर सर्व आखणी पुन्हा मोडावी लागेल. ती मोडण्याचा त्रास पत्ते वाया जाण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

म्हणून १० च्या पट्ट्यातून प्रत्येक शाखेला एक पूर्ण /१६ द्यावा : सांगलीला १०.२१.०.०, मिरजेला १०.२२.०.०, तासगावला १०.२३.०.०, विट्याला १०.२४.०.० आणि जतला १०.२५.०.०. दुसऱ्या आकड्यावरून शाखा कळली. तिसरा आकडा कामासाठी ठेवावा आणि तो सर्व शाखांत सारखाच असावा : १ म्हणजे राउटर व स्विच, १० म्हणजे संगणक व प्रिंटर, २० म्हणजे कॅमेरे, ४० म्हणजे पाहुण्यांचे वाय-फाय. असे झाले की १०.२३.२०.७ हा पत्ता नोंदवहीत दिसताक्षणी तो तासगावचा कॅमेरा आहे हे कळते. एखाद्या शाखाधिकाऱ्याने फोनवरून पत्ता वाचून दाखवला तर कागदावर बिटांची आकडेमोड न करता कोठे पाहायचे ते समजते, आणि रोज नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे फार मोलाचे आहे. मी १०.० आणि १०.१ पासून सुरुवात केलेली नाही, कारण पुष्कळ राउटर आणि क्लाउड सेवा मूळ रचनेत तेच पत्ते घेतात आणि उद्या त्यांच्याशी जोडणी करायची झाल्यास आजचाच घोटाळा पुन्हा उभा राहील. त्याच कारणासाठी १९२.१६८.०.० आणि १९२.१६८.१.० या दोन नेटवर्कांपासून दूर राहणे बरे. एखादा कर्मचारी घरून व्हीपीएनने जोडू पाहतो तेव्हा त्याच्या घरच्या राउटरवर बहुधा यांपैकीच एक असते.

येथे एका जागी लक्ष द्यावे लागेल. शाखेला /१६ दिला याचा अर्थ संगणकावर २५५.२५५.०.० असा मास्क भरायचा, असा नाही. संगणक, कॅमेरे, पाहुणे यांची नेटवर्के प्रत्येकी /२४ चीच राहतील आणि त्यांच्यावर २५५.२५५.२५५.० हाच मास्क असेल. /१६ फक्त सांगलीच्या राउटरमधील मार्गाच्या नोंदीत येईल : १०.२३ ने सुरू होणारे जे काही असेल ते तासगावच्या जोडणीवर पाठवावे. तासगावात पुढे आणखी दहा सबनेट वाढले तरी सांगलीतील ती एक ओळ बदलावी लागणार नाही. अनेक लहान नेटवर्के एका मोठ्या नोंदीत सामावणे हा चांगल्या आखणीचा खरा लाभ आहे, आणि शाखेचे पत्ते सलग ठेवले तरच तो मिळतो.

बदल एकाच दिवशी सर्वत्र करू नये. एका वेळी एक शाखा, तीही सुटीच्या दिवशी, आणि सर्वांत लहान म्हणून जतपासून सुरुवात करावी. डीएचसीपीवर, म्हणजे राउटरकडून आपोआप पत्ता मिळण्याच्या सोयीवर, चालणारे संगणक नवा पत्ता आपोआप घेतील. ज्यांवर पत्ता हाताने भरलेला असतो ती उपकरणे खरा त्रास देतात : पासबुक छापण्याचे प्रिंटर, हजेरीचे यंत्र, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. त्यांची यादी आधी तयार असावी. सांगलीचा सर्व्हर शेवटी हलवावा. जत शाखा नव्या पत्त्यांवर गेली की तिला १९२.१६८.१.१० हा सर्व्हर लगेच दिसू लागेल, कारण आता तो तिच्या दृष्टीने बाहेरचा आहे. मात्र त्याआधी दोन्ही टोकांच्या राउटरमध्ये एकमेकांच्या नेटवर्कांच्या नोंदी केलेल्या असाव्यात. सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हरचा पत्ता आकड्यांत भरला असेल तर याच वेळी त्याऐवजी नाव वापरावे, म्हणजे सर्व्हर हलेल तेव्हा प्रत्येक संगणकावर जाऊन बदल करावा लागणार नाही. व्हीपीएनच्या दोन्ही टोकांना पत्ते बदलून दाखवण्याची सोय काही राउटरमध्ये असते आणि तिने आजची अडचण तात्पुरती सुटेल, पण चार शाखांसाठी ती कायम ठेवल्यास बिघाड शोधणे अतिशय कठीण होते. मी ती सुचवणार नाही.

आणखी एक. २००५ आणि २०१९ या दोन्ही महापुरांत कृष्णेचे पाणी सांगली शहरात शिरले होते. संस्थेने विट्यास किंवा जतला पर्यायी सर्व्हर ठेवण्याचा विचार आज केला नसला, तरी त्यासाठी एक सबनेट आताच राखून ठेवावे. वरील आखणीत प्रत्येक शाखेत तिसऱ्या आकड्याला ५० हा क्रमांक सर्व्हरसाठी मोकळा ठेवल्यास पुरेसे आहे. पुराच्या दिवसांत नवे पत्ते ठरवत बसण्याची वेळ कोणावर येऊ नये.

प्रश्न : मी साताऱ्यात पदविका अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. १७२.१६.४५.१३०/२० या पत्त्याचे नेटवर्क आणि ब्रॉडकास्ट पत्ता कसा काढायचा? माझा मित्र म्हणतो की शेवटी ० किंवा २५५ असलेला पत्ता कोणत्याही संगणकाला देता येत नाही. शिवाय काही पुस्तकांत सबनेटच्या संख्येतूनही २ वजा केलेले असतात, काहींत नसतात. बरोबर काय?
— एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : /२० म्हणजे पहिले दोन आकडे पूर्ण, म्हणजे १६ बिट, आणि तिसऱ्या आकड्यातील ४ बिट. त्या चार बिटांची किंमत १२८, ६४, ३२ आणि १६ मिळून २४०, म्हणून मास्क २५५.२५५.२४०.० होतो. २५६ मधून २४० वजा केले की १६ उरतात. तिसऱ्या आकड्यात नेटवर्के १६-१६ च्या टप्प्याने सुरू होतात असा याचा अर्थ : ०, १६, ३२, ४८ आणि पुढे. ४५ हा आकडा ३२ आणि ४८ यांच्यामध्ये येतो. म्हणून नेटवर्क १७२.१६.३२.०, आणि पुढचे नेटवर्क १७२.१६.४८.० पासून सुरू होत असल्याने त्याच्या लगेच आधीचा १७२.१६.४७.२५५ हा ब्रॉडकास्ट पत्ता, म्हणजे नेटवर्कातील सर्वांना एकदम संदेश पाठवण्याचा पत्ता. मधले १७२.१६.३२.१ ते १७२.१६.४७.२५४ हे ४,०९४ पत्ते उपकरणांना देता येतात. ही रीत डोक्यात बसेपर्यंत ४५ हा आकडा बिटांत ००१०११०१ असा लिहून पहिले चार बिट ठेवा आणि उरलेले शून्य करा; ००१०००००, म्हणजे ३२ मिळतील.

तुमच्या मित्राचा नियम /२४ साठी खरा आहे, सर्वत्र नाही. याच नेटवर्कात १७२.१६.४०.० आणि १७२.१६.३९.२५५ हे दोन्ही पत्ते उपकरणाला देता येतात, कारण उपकरणाच्या भागातील बाराही बिट तेथे सगळे शून्य किंवा सगळे एक होत नाहीत. सर्व बिट शून्य असणारा पत्ता नेटवर्कचा आणि सर्व बिट एक असणारा ब्रॉडकास्टचा, हा मूळ नियम आहे. त्याला दशमान आकड्यांच्या रूपावर बेतले की अशी गफलत होते. उपकरणांच्या संख्येतून २ वजा करतात तेही या दोन पत्त्यांमुळेच. याला एक मान्य अपवाद आहे : दोन राउटरमधील थेट जोडणीसाठी /३१ वापरता येतो आणि त्यातील दोन्ही पत्ते कामी येतात. डिसेंबर २००० मधील आरएफसी ३०२१ ने ही मुभा दिली.

सबनेटच्या संख्येतून २ वजा करण्याची गोष्ट मात्र जुनी आहे. जेफ्री मोगल आणि जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या ऑगस्ट १९८५ च्या आरएफसी ९५० ने सबनेटची पद्धत प्रमाण केली. त्या काळी नेटवर्कच्या भागाची लांबी आधीच ठरवून देणारे ए, बी, सी असे वर्ग होते आणि मास्क पत्त्याबरोबर सर्वत्र पाठवला जात नसे. त्यामुळे पहिले सबनेट आणि मूळ नेटवर्क यांचा पत्ता सारखाच दिसून गोंधळ होई, तसाच शेवटच्या सबनेटचा ब्रॉडकास्ट पत्ता मूळ नेटवर्कच्या ब्रॉडकास्ट पत्त्याशी जुळे. म्हणून ही दोन्ही सबनेट टाळावीत असे ठरले. १९९३ मध्ये वर्गांची व्यवस्था बाजूला पडून सीआयडीआर ही वर्गरहित पद्धत आली, पत्त्याबरोबर /२० सारखी लांबी सांगितली जाऊ लागली आणि टाळण्याचे कारणच उरले नाही. आजचे उत्तर असे की सबनेटमधून काही वजा करायचे नाही. परीक्षेतील प्रश्नात ‘वर्गाधारित’ किंवा ‘पहिले सबनेट वगळून’ असे स्पष्ट म्हटले असेल तरच जुनी रीत लावा.

प्रश्न : आमच्या माध्यमिक शाळेत प्रयोगशाळेतील संगणकांना १९२.१६८.१० ने सुरू होणारे आणि कार्यालयातील संगणकांना १९२.१६८.२० ने सुरू होणारे पत्ते दिले आहेत. सर्व तारा एकाच साध्या स्विचमध्ये येतात. तरीही एका विद्यार्थ्याने कार्यालयाच्या संगणकावरील सामाईक फोल्डर उघडून दाखवला. दोन सबनेट असताना हे कसे शक्य झाले? आणि सबनेट वाढवल्यास इंटरनेटचा वेग वाढेल का?
— एक शिक्षक, कराड

उत्तर : विद्यार्थ्याने आपल्या संगणकाचा पत्ता बदलून १९२.१६८.२० च्या नेटवर्कातील एखादा मोकळा पत्ता घेतला असेल. त्याला त्याहून काही करावे लागत नाही. साध्या स्विचला आयपी पत्ते कळतच नाहीत. तो यंत्राचा मॅक पत्ता (कारखान्यात जोडणीच्या भागाला दिलेला क्रमांक) पाहतो आणि सर्व तारा एकाच नेटवर्कच्या आहेत असे समजून चालतो. एका सबनेटमधील ब्रॉडकास्टही दुसऱ्या सबनेटच्या संगणकांपर्यंत जातच असतो. म्हणून एकाच साध्या स्विचवरील दोन सबनेटमुळे सुरक्षितता मिळते असे कोणी सांगितले असेल तर ते कृपया मान्य करू नये. शाळेच्या कार्यालयात विद्यार्थ्यांची जन्मतारीख, आधार क्रमांक, गुण अशी माहिती असते, आणि ती जपणे ही शाळेची जबाबदारी आहे.

यासाठी व्हीलॅनची, म्हणजे एकाच स्विचमध्ये वेगवेगळी नेटवर्के करण्याची, सोय असलेला मॅनेज्ड (रचना बदलता येणारा) स्विच घ्यावा. प्रयोगशाळेच्या तारा एका व्हीलॅनमध्ये आणि कार्यालयाच्या दुसऱ्यात ठेवल्या की स्विचच त्यांना वेगळे करतो. प्रत्येक व्हीलॅनला एक सबनेट द्यावे आणि दोघांमधील वाहतूक राउटर किंवा फायरवॉलमधूनच जाईल असे करून तेथे नियम घालावा की प्रयोगशाळेकडून कार्यालयाकडे काहीही जाऊ नये. मग विद्यार्थ्याने पत्ता कितीही बदलला तरी तो आपल्या व्हीलॅनच्या बाहेर पडू शकत नाही. स्विच आणि राउटरचे पासवर्ड कारखान्यातून आलेलेच ठेवले तर मात्र हे सर्व व्यर्थ आहे. नवा स्विच येईपर्यंत निदान सामाईक फोल्डरला आजच पासवर्ड लावावा.

वेगाविषयी : नाही, वाढणार नाही. शाळेची इंटरनेट जोडणी जेवढी आहे तेवढीच राहील. शेकडो उपकरणे एकाच नेटवर्कात असतील तर तुकडे केल्याने ब्रॉडकास्टचा भार कमी होतो, पण तीस-चाळीस संगणकांत तो फरक जाणवत नाही.

प्रश्न : आमच्या दवाखान्यातील प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.५.२०० आहे. तीन संगणकांवरून छपाई नेहमी होते, चौथ्यावरून मात्र राउटर चालू असतानाच होते. वायर बदलून पाहिली.
— मिरजेतील एक वाचक

उत्तर : चौथ्या संगणकाचा सबनेट मास्क पाहावा, तो २५५.२५५.२५५.१२८ असण्याची दाट शक्यता आहे. त्या मास्कप्रमाणे ० ते १२७ हे एक नेटवर्क आणि १२८ ते २५५ हे दुसरे होते, त्यामुळे २०० क्रमांकाचा प्रिंटर त्याला बाहेरचा वाटतो आणि तो छपाईची माहिती राउटरकडे पाठवतो. राउटर ती परत आतल्या बाजूला वळवतो म्हणून काम होते, आणि राउटर बंद असला की थांबते. मास्क इतर संगणकांप्रमाणे २५५.२५५.२५५.० करावा. वायर निर्दोष आहे.

प्रश्न : आयपीव्ही६ मध्ये पत्ते अमाप आहेत असे वाचले. मग तेथे सबनेट करण्याची गरज उरते का?
— एक वाचक, वाई

उत्तर : गरज उरते, परंतु हिशेब बदलतो. आयपीव्ही६ ही आयपी पत्त्यांची नवी पद्धत असून तिचा पत्ता १२८ बिटांचा असतो आणि सामान्यतः प्रत्येक सबनेट /६४ चेच ठेवतात, कारण संगणक स्वतःचा पत्ता आपोआप तयार करतो त्या पद्धतीला शेवटचे ६४ बिट लागतात. त्यामुळे कोणत्या शाखेत किती उपकरणे आहेत हे मोजून तुकडा लहान-मोठा करण्याचे काम संपते. किती वेगवेगळे विभाग हवेत एवढेच मोजायचे असते. सेवादात्याने /५६ दिल्यास २५६ सबनेट मिळतात आणि /४८ दिल्यास ६५,५३६. अडचण येते ती त्याने एकच /६४ दिल्यास, कारण तेव्हा कार्यालय आणि पाहुण्यांचे वाय-फाय यांना वेगळी सबनेट देता येत नाहीत. नवी जोडणी घेताना ‘आयपीव्ही६ आहे का’ एवढेच न विचारता किती लांबीचा प्रीफिक्स (/५६, /६४ यांसारखा नेटवर्कचा भाग) मिळणार आणि तो कायम राहणार की बदलणार, हेही सेवादात्याकडून लेखी घ्यावे.